दोन डिस्कांची वाटणी

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लग्नाचे व्हिडिओ काढणारे जेवढे म्हणून स्टुडिओ आहेत, त्या सगळ्यांचा डेटा एक ना एक दिवस उडणार आणि फक्त आपला राहणार, याबद्दल साईनाथ शिगवणच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"आपल्याकडे रेड आहे!" असं तो सांगायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, चहावाल्याला सांगायचा, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना पावती घेता घेता सांगायचा. "रेड म्हणजे काय?" असं कोणी चुकून विचारलं, की संपलंच! तो खुर्चीतून उठून टेबलावरच्या काळ्या डब्यावर थाप मारायचा.

"यात दोन हार्ड डिस्का आहेत. जे एकीवर, तेच दुसरीवर. सेम टू सेम! एक मेली तरी दुसरी जिवंत. तुमच्या लग्नाचं पुढे काय वाट्टेल ते होवो, व्हिडिओला धक्का नाही!"

ठाकुर्लीतल्या त्या स्टुडिओत साईनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ ऋतुराज दोघं मिळून काम करायचे. गिऱ्हाइकं भारावून जायची आणि ऋतुराज मागे बसून मान हलवायचा, कारण दादाने सांगितलेलं तोही खरंच मानत होता.

आता खरं काय होतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नंतर उगाच माझ्यावर चिडू नका. हा डबा आणला त्या दिवशी साईनाथने हरिहरला फोन केला होता. हरिहर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, ठाण्यात वर्तकनगरला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. हरिहरने नीट समजावलं होतं. "हे बघ, यात दोन प्रकार येतात. पहिल्यात दोन्ही डिस्कांवर एकच गोष्ट लिहिली जाते. सेफ असतं, पण जागा एकाच डिस्कची मिळते. दुसऱ्यात प्रत्येक फाइलचे तुकडे करून अर्धे हिच्यावर, अर्धे तिच्यावर. फास्ट चालतं, जागा डबल. पण एक गेली की दोन्ही गेल्या. तुला पहिला प्रकार लावायचाय. कळलं?"

"कळलं रे, मी काय नवखा आहे?" म्हणत साईनाथने पहिला प्रकार लावला. स्क्रीनवर बघतो तर जागा दिसते चार टीबी. डिस्का दोन, प्रत्येकी चारची. चार आणि चार, चार? दोन फ्लॅट घ्यावेत आणि बिल्डरने एकाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवावी, तसं त्याला झालं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. शेवटी त्याला राहवेना. त्याने हळूच दुसऱ्या प्रकारावर क्लिक केलं. आठ! आता कसं भरल्यासारखं वाटलं. डब्यावर 'रेड' तर अजून लिहिलेलंच होतं, म्हणजे सेफही असणारच!

पुढे ते क्लिक तो पार विसरला. फुशारकी मात्र विसरला नाही.

भावाभावांत फाटलं ते बदामावरून. शीळ रस्त्याकडच्या गावातल्या भिवाशेठच्या मुलीचं, नयनचं, लग्न झालं होतं. त्याच्या ट्रेलरमध्ये साईनाथने नवरी पत्त्यातल्यासारख्या एका गुलाबी बदामातून गरगर फिरत बाहेर आणली. ऋतुराजने ते बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"दादा, बदाम फिरतोय!"

"मग? गोल फिरतोय. छान फिरतोय."

"अरे, कुठल्या जमान्यात आहेस तू? लोक हसतील! मी आता सिनेमॅटिक करतोय सगळं."

"तुझ्या सिनेमॅटिकमध्ये नवरीचा चेहराच दिसत नाही! नुसती पाठमोरी शेतात चालत सुटते. आईबापाला वाटतं, पळून चालली!"

शब्दाने शब्द वाढत गेला. ऋतुराज म्हणाला, मी कल्याणला माझा वेगळा गाळा घेतो. साईनाथ म्हणाला, खुशाल घे. दोघांच्या बायकांनी समजावून बघितलं, पण बदाम काही मागे जाईना आणि शेतातली नवरीही मागे वळेना. शेवटी वाटणीसाठी रखमाबाईंना, म्हणजे त्यांच्या आईला, स्टुडिओत आणून खुर्चीवर बसवलं.

रखमाबाईंचा वाटणीत हात धरणारं कोणी नव्हतं. ही दोन पोरं लहान असताना त्या लाडूसुद्धा दोऱ्याने कापायच्या. एकाला कणभर जास्त गेला तर तो कण काढून स्वतःच्या तोंडात टाकायच्या. त्यांचा नियम सोपा होता. वस्तू दोन असतील तर एक-एक, आणि एकच असेल तर चिठ्ठी.

"कॅमेरे किती?"

"दोन."

"एक-एक. छत्र्या?"

"त्या लाइटच्या आहेत, आई."

"पावसाच्या असोत नाहीतर लाइटच्या. दोन आहेत ना? एक-एक."

ड्रोन एकच होता, चिठ्ठीत ऋतुराजला गेला. प्रिंटर साईनाथला आला. मागे लावायच्या पडद्यांपैकी धबधबा साईनाथने घेतला, स्वित्झर्लंड ऋतुराजने. शेवटी राहिला तो काळा डबा.

"ह्याच्यात काय आहे?"

"आई, हीच तर रेड!" साईनाथची छाती आपोआप पुढे आली. भांडण बाजूला ठेवून त्याने डब्यावर थाप मारली. "डबा एक आहे, पण आत डिस्का दोन. आणि गंमत म्हणजे दोन्हीत सगळं सेम टू सेम. प्रत्येकाने एक घेतली तरी प्रत्येकाला सगळं मिळतं!"

रखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक वस्तू दोघांना अख्खी मिळतेय रे. आधी कुठे होता हा डबा?"

रिकामा डबा चिठ्ठीत साईनाथला आला. डिस्का एक-एक. वाटणी झाली, पेढे वाटले, आणि ऋतुराज आपली डिस्क सॅकमध्ये घालून स्कूटरवरून कल्याणला निघून गेला. साईनाथची बायको अमृता धार्मिक. तिने वाटणीला आलेल्या प्रत्येक वस्तूला नव्याने कुंकू लावलं. कॅमेऱ्याला लावलं, प्रिंटरला लावलं आणि डिस्कच्या खालच्या बाजूलाही एक बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी भिवाशेठचा फोन आला.

"सायनाथ, नयनचा पिक्चर कवा देतंस? रविवारी अंगनात मोठा पडदा लावतंय. सगल्या गावाला जेवान हाय. तू नि तुजा भाव दोघा बी या."

"होणारच शेठ! रेडी आहे समजा."

"आय मना रोज इचारते. हलदीला नाचली ना ती! म्हनते, माजा नाच कवा दावताव?"

मागून एक बारीक, खणखणीत आवाज आला, "त्याला सांग, म्हातारी वाट बगून बगून जाल!" ही गोदाआजी, भिवाशेठची आई. वय नव्वदीला टेकलेलं. नातीच्या हळदीत ती पिवळी साडी नेसून नाचली होती आणि त्याची चर्चा पंचक्रोशीत झाली होती. साईनाथला ती फार आवडायची. शूटिंगच्या दिवशी तिने त्याच्या खिशात बळेबळे दोन करंज्या कोंबल्या होत्या.

हळदीचा आणि लग्नाचा सगळा व्हिडिओ त्या डब्यातच होता. कॅमेऱ्यांची कार्डं पुढच्या साखरपुड्यांत आणि बारशांत केव्हाच पुसून वापरली गेली होती. पण काळजी कसली! साईनाथने हात चोळले, आपली डिस्क डब्यात सरकवली आणि बटण दाबलं.

डबा बोंबलायला लागला. लाल दिवा आणि पीं-पीं-पीं!

"जोडीदार गेला ना, म्हणून रडतोय," साईनाथ अमृताला म्हणाला. त्याने डिस्क काढून सरळ कॉम्प्युटरला जोडली. स्क्रीनवर एक खिडकी उघडली. ही डिस्क वाचता येत नाही, वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

साईनाथने डिस्क काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. करू का? कॉम्प्युटर बंद करून चालू केला. करू का? एखादा नवीन वेटर टेबलापाशी वही घेऊन उभा राहावा, तसा तो कॉम्प्युटर आशेने विचारत राहिला.

म्हणजे ही डिस्क कोरी! आणि दोन्ही डिस्का तर सेम टू सेम होत्या. मग भरलेली गेली कुठे? साईनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, फक्त चुकीच्या खोलीत पडला.

"ऋत्याने बदलली! भरलेली तो घेऊन गेला आणि मला बाजारातून कोरी आणून टेकवली!"

"भावजी असं करतील?" अमृता म्हणाली.

"बदामाचा सूड घेतोय!"

त्याने तावातावाने फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. "बघ, ब्लॉक केलं मला!" आता गंमत अशी, की त्याच क्षणी कल्याणच्या गाळ्यात ऋतुराजच्या कॉम्प्युटरनेही 'करू का?' असं विचारलं होतं, दादाने आपल्याला कोरी डिस्क टेकवली असा शोध त्यालाही लागला होता आणि तोही तावातावाने दादालाच फोन लावत होता. दोघं एकमेकांना बिझी लागले आणि दोघांनी ठरवलं की चोर फोन उचलत नाही.

मग फॅमिली ग्रुपवर युद्ध पेटलं. 'काही लोकांनी रक्ताच्या नात्यालाही कोरं ठेवलं,' असं साईनाथने लिहिलं. 'मोठेपणा वयाने येत नाही,' असं ऋतुराजने. गावाहून एका काकांनी दोन्हींवर गुलाबाची फुलं टाकली. बुधवारी भिवाशेठचा परत फोन आला, गुरुवारी परत आला. आता साईनाथ "रेडी आहे समजा" मधला 'समजा' जरा जोरात म्हणायला लागला.  गोदाआजी पडद्यासमोर येऊन बसणार आणि आपण तिला काय दाखवणार, धबधबा?

पोरांचं हे असं बघून रखमाबाईंनी शुक्रवारी हुकूम काढला. ऋतुराजने संध्याकाळी ठाकुर्लीला जेवायला यायचं, मांदेली तळलीय, सबब चालणार नाही.

ऋतुराज आला. खांद्यावर सॅक. आणि ती सॅक त्याने अशी काही जपून कोचावर ठेवली, की साईनाथच्या नजरेने बरोबर हेरलं. डिस्क आत आहे! भरलेली डिस्क हा बरोबर घेऊन फिरतोय, कारण मागे ठेवायची भीती वाटतेय! साईनाथचा बेत पानावर बसण्याआधीच ठरला. ताटं मांडली जात असताना "लिंबू आणतो" म्हणून तो उठला, बेडरूममधून आपली डिस्क आणली, कोचावरच्या सॅकमधली काढून तिथे ठेवली आणि ऋतुराजची आपल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत लपवली. दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता!

लिंबू न घेताच तो पानावर येऊन बसला. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. पण त्यानंतर त्याचं मन इतकं हलकं झालं, की त्याने आपल्या ताटातली मांदेली उचलून ऋतुराजला वाढली.

"खा रे. वाळलास."

"तूही घे ना, दादा." ऋतुराजनेही प्रेमाने सोलकढीची वाटी पुढे केली. मध्येच तो "हात धुऊन येतो" म्हणून उठला आणि बराच वेळ हात धूत राहिला. परत आला तो इतका प्रसन्न होऊन, की रखमाबाईंनी मनातल्या मनात देवाला नारळ बोलला. दोघं भाऊ एकमेकांना आग्रह करत होते, हसत होते. जाताना तर त्यांनी मिठीसुद्धा मारली!

ऋतुराजची स्कूटर वळणाआड गेली आणि साईनाथ बेडरूमकडे धावला. बॅगेतून डिस्क काढली, कॉम्प्युटरला जोडली.

करू का?

साईनाथने डिस्क हातात घेऊन उलटी केली. खालच्या बाजूला कुंकवाचं बोट.

"ही तर आपलीच! अगं, म्हणजे तो हात धुवायला म्हणून इथे आला होता! त्याने परत बदलली! चोर! भर जेवणातून उठून सख्ख्या भावाच्या बॅगेत हात घालतो!"

"आणि तुम्ही लिंबू आणायला कुठे गेलात?" अमृताने विचारलं.

साईनाथने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण अमृता विचार करत होती. "एक मिनिट. आपली कोरी समजून भावजींनी ही इथे ठेवली आणि तुमची भरलेली समजून ती नेली. म्हणजे तेही भरलेलीच शोधत होते. त्यांच्याकडे भरलेली असती, तर ते बदलायला कशाला आले असते?"

 रात्रभर साईनाथ कुशी बदलत राहिला.

शनिवारी सकाळी अमृतानेच हरिहरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. साईनाथने सगळी कर्मकहाणी सांगितली.

"पण असं होईलच कसं?" हरिहर म्हणाला. "तू पहिला प्रकार लावलायस ना? मग कुठलीही एक डिस्क नुसती लावली तरी दिसायला पाहिजे. जागा किती दाखवायचा तुझा डबा?"

"आठ," साईनाथ अभिमानाने म्हणाला.

 पलीकडे वर्तकनगरमध्ये कुकरची शिट्टी वाजली ती ठाकुर्लीत ऐकू आली.

"आठ कसे दाखवेल, साई? चार दाखवायला पाहिजे. आठ म्हणजे... अरे, तू दुसरा प्रकार लावलास! प्रत्येक फाइल फाडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे!"

"म्हणजे आमच्यातली भरलेली कोणाकडे आहे?"

"दोघांकडे आहे आणि कोणाकडेच नाही! पत्रिका मधोमध फाडून अर्धी तुला दिली, अर्धी त्याला दिली. आता तू म्हणतोस लग्न कधी आहे ते दिसत नाही! आणि मुळात मला सांग, एवढ्याशा दुकानाला रेड हवीच होती कशाला? एक साधी डिस्क घेऊन सगळं तिच्यात कॉपी करून आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवली असतीस, तर आज सुखात असतास. रेड पहिल्या प्रकारची लावली तरी ती फक्त डिस्क मेली तर उपयोगाची. कोणी पुसलं, चोरलं, पाणी शिरलं, तर दोन्ही बरोबरच जातात. वेगळी कॉपी लागतेच!"

"ते नंतर शिकव रे! आत्ता काय करू?"

"दोन्ही डिस्का परत त्याच डब्यात घाल. नशीब असेल तर उघडेल. फक्त दोन्हीपैकी एकही फॉरमॅट झालेली नसली पाहिजे. झाली, तर काशीला जा!"

साईनाथने घाईघाईने ऋतुराजला फोन लावला. आता मात्र त्याने खरंच ब्लॉक केलं होतं. म्हणून अमृताने आपल्या फोनवर त्याचं स्टेटस उघडलं. नुकताच टाकलेला फोटो होता. 'नवा स्टुडिओ, नवी सिस्टिम, जय गणेश!' कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पुढे नारळ, अगरबत्ती. अमृताने दोन बोटांनी फोटो मोठा केला. हारामागच्या स्क्रीनवर ती खिडकी दिसत होती. करू का? आणि माउसचा बाण बरोबर 'हो'च्या डोक्यावर!

"मुहूर्त करतोय तो!" साईनाथ किंचाळला. "कोरी समजून फॉरमॅट करून वापरायला काढणार!"

अमृता फोन लावत राहिली, ऋतुराज पूजेत असल्यामुळे उचलत नव्हता. साईनाथने कापडी पिशवीत डबा आणि कुंकवाची डिस्क कोंबली आणि पायजम्यावरच रिक्षात उडी मारली. रिक्षा नव्वद फुटी रस्त्याने सुसाट निघाली आणि पत्री पुलाजवळ येऊन ठप्प उभी राहिली. पुढे टेम्पो, मागे बस, बाजूला टँकर.

"कोई मर गया क्या, साहब?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"अजून नाही," साईनाथ म्हणाला.

त्याच्या डोळ्यांसमोर गोदाआजी नाचत होती. अर्धी गोदाआजी. तिची डावी बाजू पिशवीत होती, उजवी कल्याणात हार घालून बसली होती. त्याला पहिल्यांदाच खरीखुरी लाज वाटली. डिस्कची नाही, त्या म्हातारीची. रोज विचारत होती ती, आणि आपण रोज 'समजा' म्हणत होतो. तो रिक्षातून उतरला आणि पिशवी छातीशी धरून पुलावरून पळत सुटला.

तो गाळ्यात शिरला तेव्हा ऋतुराज नुकताच नारळ फोडून, हात पुसून माउसकडे वळत होता.

"हात लावू नको!"

पायजम्यावर, घामाघूम, पिशवी घेऊन धावत आलेला दादा बघून ऋतुराजला एकच गोष्ट सुचली. हा डिस्क हिसकायला आलाय! त्याने डिस्क उपटून छातीशी धरली आणि टेबलाच्या पलीकडे गेला. साईनाथ टेबलाला वळसा घालून मागे. ऋतुराज स्वित्झर्लंडच्या पडद्याआड. मग साईनाथ स्वित्झर्लंडमध्ये आणि ऋतुराज टेबलाखाली! नारळाच्या पाण्यावरून दोघंही एकदम घसरले आणि फरशीवर समोरासमोर बसले.

"चोर!" ऋतुराज धापा टाकत म्हणाला.

"नाहीस तू चोर. मीही नाही." साईनाथही धापा टाकत होता. "गाढव आहे मी. आठ दिसावे म्हणून दुसरा प्रकार लावला होता. अर्धं तुझ्याकडे आहे, अर्धं माझ्याकडे."

ऋतुराजला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो हसायलाच लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे एवढी वर्षं तू अख्ख्या कल्याण-डोंबिवलीला सेफ-सेफ सांगत फिरलास... आणि मीही! दादा, मी माझ्या सासऱ्यांना रेड घ्यायला लावली रे!"

फरशीवर बसूनच त्यांनी दोन्ही डिस्का डब्यात घातल्या. लाल दिवा लागला.  लाल. लाल. मग डब्याने आतून एक खर्रर्र असा खाकरा काढला आणि दिवा हिरवा झाला. नयनची हळद, नयनचं लग्न, सगळे फोल्डर रांगेत उभे! साईनाथने ऋतुराजच्या डोक्यावर टपली मारली, ऋतुराजने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, आणि दोघांनी मिळून डब्याला नमस्कार केला.

सगळ्यात आधी सगळं वेगळ्या डिस्कवर कॉपी केलं. मग गोदाआजी शोधली. स्टेजवरून लांबून टिपलेल्या हळदीच्या गर्दीत, पिवळ्या साडीत, डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली म्हातारी अशी काही नाचत होती, की बघताना दोघांचे पाय हलायला लागले. दिवसभर बसून त्यांनी व्हिडिओ पुरा केला. बदाम फिरला नाही, तो जागच्या जागी धडधडला. नवरी शेतातून चालली, पण मागे वळून बघून चालली.

रविवारी भिवाशेठच्या अंगणात मोठा पडदा लागला. सगळं गाव जमलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर गोदाआजी आणि शेजारी तिची धाकटी जाऊ, सखुबाई. दोघींना हळदीला एकसारख्या पिवळ्या साड्या घेतल्या होत्या, त्याच आजही नेसून बसल्या होत्या. सवयीने दोघं भाऊ आपापला कॅमेरा गळ्यात अडकवून आले होते आणि मागे खांबाला टेकून उभे होते. साईनाथचं काळीज धडधडत होतं, ते आनंदाने.

पडद्यावर हळद सुरू झाली. पिवळी गर्दी, ढोल, बेंजो. आणि ती म्हातारी नाचायला लागली! गावाने शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. साईनाथने गोदाआजीकडे बघितलं. आजी टक लावून पडद्याकडे बघत होती. तिने पदराने चष्मा पुसला, परत बघितलं.

"भिवा, यो नाच माजा नाय."

"आय, नीट बग. तूच हायस."

"माजी मना वलख नाय का? यी तं सखू!"

सगळ्यांच्या माना सखुबाईकडे वळल्या. सखुबाई केव्हापासून पदर तोंडाला लावून लाजत होती. "कवडा मोठा पडदा लावलाव माज्यासाटी," ती म्हणाली. "मना काय बी सांगला नव्हता."

साईनाथ हळूच ऋतुराजकडे वळला. "गोदाआजीला तू घेत होतास ना?"

"मी? मी ड्रोन उडवत होतो. मला वाटलं, तू घेतोयस!"

"मी स्टेजवर नवरीकडे होतो. मला वाटलं, तू घेतोयस!"

 भिवाशेठने मागे वळून दोघांकडे असं बघितलं, की ऋतुराजला कल्याणला आणि साईनाथला थेट कोकणात पळून जावंसं वाटलं. साईनाथ पुढे गेला आणि गोदाआजीच्या खुर्चीपाशी खाली बसला.  "आजी, चुकलं आमचं. तुमचा नाच आम्ही घेतलाच नाही. कोणीच नाही घेतला."

गोदाआजीने त्याच्याकडे बघितलं. मग सखुबाईकडे बघितलं, ती अजून लाजतच होती. आणि म्हातारीने खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठायला सुरुवात केली.

"पडद्यावर सखू र्‍हाऊ दे, चांगली नाचलीय. लाव गाना. आता घे मना."

गाणं लागलं. आजीचे पाय फारसे हलत नव्हते, गुडघे दुखत होते. पण हात वर गेले, मान डोलायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून भिवाशेठनेच आधी डोळे पुसले. साईनाथ आणि ऋतुराज खांद्याला खांदा लावून समोर उभे राहिले. या वेळी कोणी ड्रोनकडे गेला नाही, कोणी स्टेजकडे गेला नाही. दोघांनी दोन कॅमेरे आजीवरच धरले, अगदी एकाच कोनातून, गाणं संपेपर्यंत.

घरी आल्यावर बघितलं तर आजी अगदी झकास आली होती, पण एकाच कॅमेऱ्यात. दुसऱ्यात कार्डच घातलेलं नव्हतं.

तो कॅमेरा कोणाचा, असं रखमाबाईंनी विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.